सासुरवाडीचा गुलाबी आड

सणसरला माझ्या सासुरवाडीच्या परसात एक आड होता. तो मी गुलाबी केला.

ही हकिकत मी आजवर कुणाला आपण होऊन सांगितलेली नाही. तशी वेळच आली नाही. इंदापूरपासून बारामतीपर्यंत जो भेटे, त्याने ती आधीच ऐकलेली असे. आणि तोच मला सांगे!

सन पस्तीसच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा पुण्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. काम काय, तर काचेच्या नळ्या धुणं. पण माझं लग्न जमवणाऱ्या गृहस्थांनी सासरी नुसतं एवढंच सांगितलं होतं की, "मुलगा सायन्समध्ये आहे." त्यात खोटं काही नव्हतं. मी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच सायन्समध्येच असे. पुढे माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, गावभर काय सांगितलं त्याला मी जबाबदार नाही. (मी ते कधी खोडून काढलं नाही, एवढाच काय तो माझा गुन्हा.)

चैत्राचे दिवस होते. माझी बायको अनशी माहेरी आलेली, आणि तिला घेऊन जायला मी बुधवारी सणसरला पोचलो. घरात धांदल चालली होती. माझी मेहुणी चंद्रा हिला बघायला रविवारी जळोचीचे पाहुणे येणार होते.

"ही तिसरी जागा हाय, पावनं," आबा म्हणाले. "आदुगरच्या दोन अशाच मोडल्या. एकाला पोरगी सावळी वाटली, दुसऱ्याला बोलकी वाटली."

"ह्या वेळी तसं होणार नाही," मी म्हणालो. "मी आहे ना!"

आता मी असल्याने काय होणार होतं, हे मला माहीत नव्हतं. पण जावयाने असं काहीतरी बोलायचं असतं. मग बोललोच आहे तर काहीतरी करून दाखवणं आलं. वाटेत बारामतीच्या बाजारात मी रंगाचा एक डबा घेतला होता. अस्सल विलायती, किरमिजी. आबांचा जुना पटका आपण त्यात गुलाबी रंगवू आणि पाहुण्यांपुढे आबा कसे नव्या नवऱ्यासारखे बसतील, असा माझा बेत.

सगळी मंडळी आडाभोवती जमली. मी कठड्यावर बसलो आणि डब्याचं झाकण उघडता उघडता व्याख्यान सुरू केलं.

"हा रंग कशापासून करतात सांगा बरं, आबा? डांबरापासून!"

"डांबर काळं आसतं की वो!"

"तेच तर शास्त्र! काळ्यातून गुलाबी काढायचं!"

झाकण घट्ट होतं. मी जोर लावला. ते निघालं. माझ्या हातात झाकण राहिलं आणि डबा आडात गेला.

खालून 'डुबुक' असा आवाज आला. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. आधी पाण्यावर एक बारीकसा ठिपका दिसला. मग त्याला शेपट्या फुटल्या. मग त्या शेपट्या सगळीकडे पोहायला लागल्या. आणि बघता बघता तो अख्खा आड असा काही रंगला की आबांचा पटकाच काय, साऱ्या सणसरचे पटके त्यात निघाले असते.

परका माणूस असता तर आबांनी त्याला डब्याच्या पाठोपाठ पाठवला असता. पण मी पडलो जावई! आबांचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी ते अत्यंत आदराने म्हणाले, "पावनं, तुमाला लागलं-बिगलं न्हाय न्हवं?"

सासूबाईंनी तर पदर तोंडाला लावून, "रंग लई झ्याक हाय हो!" म्हटलं आणि त्या आत निघून गेल्या. आत एक तपेली जोरात आदळल्याचा आवाज आला.

चंद्रा तेवढी तिथेच उभी राहिली. बोलकी मुलगी, पण त्या वेळी तिचे डोळे भरले होते.

"दाजी," ती म्हणाली, "पाटाला पानी न्हाय. ह्या आडाबिगर पानी म्हंजी अर्ध्या कोसावर. आईतवारी मी पावन्यांना काय ह्ये दिऊ?"

मला त्या क्षणी आडात उडी टाकावीशी वाटली. पण कपडे रंगले असते.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. पिण्याचं पाणी बायका लांबून डोक्यावर आणू लागल्या, पण बाकी सगळं आडाच्याच पाण्यावर. धुतलेली धोतरं गुलाबी. सारवलेलं अंगण गुलाबी. आबांचा पांढराशुभ्र खिलारी बैल बादलीत तोंड घालून आला तो ओठ रंगवून आला, आणि गोठ्यात उभा राहून तमाशातल्या नाच्यासारखा आमच्याकडे बघू लागला. पण खरा घात झाला तो आबांचा. ते पहाटे अंधारातच आंघोळ करत. सवयीप्रमाणे त्यांनी चूळ भरून तोंड खसखसून धुतलं, आणि उजाडल्यावर बाहेर आले ते मिशी घेऊन. पांढरी, पिळदार, गावात मान असलेली मिशी. आता ती पिकलेल्या डाळिंबासारखी झाली होती!

साबण झाला, चिंच झाली, राख झाली. मिशी ढिम्म.

"आवो, आबांच्या मिशीचं काय करायचं आता?" अनशीने मला बाजूला घेऊन विचारलं.

"केसाला हा रंग फार छान धरतो," मी म्हणालो. हे खरं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून समजलं.

मग मला आठवण झाली. आमच्या प्रयोगशाळेचे सर वर्गात एक प्रयोग करून दाखवत. रंगीत पाण्यात कोळशाची पूड टाकायची, हलवायचं, गाळायचं. खाली नितळ पाणी! रंग कोळशाला जाऊन चिकटतो. हा प्रयोग मी शंभरदा पाहिला होता. म्हणजे त्यानंतरच्या नळ्या शंभरदा धुतल्या होत्या.

"आबा, कोळसा!" मी ओरडलो. "कोळसा रंग खातो! आणि विकत आणायला नको. शेंगांची टरफलं, उसाची चिपाडं, जो कचरा तुम्ही फेकता तोच आपण जाळायचा!"

परड्याच्या कडेला टरफलांचा ढीग होता. मी तो अंगणात पसरून पेटवून दिला. झकास जाळ झाला. मी दोन पाट्या भरभरून ते जळकं आडात ओतलं आणि छाती काढून उभा राहिलो.

झालं एवढंच, की टरफलांचा कोळसा न होता नुसती राख झाली होती. ती राख पाण्यावर तरंगली, मग भिजली, मग मिसळली. संध्याकाळी पोहरा वर काढला तर पाणी गुलाबी राहिलं नव्हतं. पावसाळ्यात पिकलेलं जांभूळ पायाखाली चिरडल्यावर दिसतं, त्या रंगाचं झालं होतं.

"फरक पडलाय," आबा म्हणाले. जावयाचा मान राखणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकलो.

शुक्रवारी मी मागे हटलो नाही. जाळण्याचा नादच सोडला. गुऱ्हाळावरून ओल्या चिपाडांचा भारा आणला, ती बारीक कुटली, बुडाला भोक पाडलेल्या तीन माठांत ठासून भरली, माठ एकावर एक रचले आणि वरून ते जांभळं पाणी ओतलं. खाली भांडं ठेवलं आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो.

थेंब पडला. नितळ! दुसरा पडला. तोही नितळ! चिपाडांनी रंग असा काही शोषला की वरची चिपाडं लालबुंद आणि खाली जवळजवळ स्वच्छ पाणी. आबांनी मला मिठीच मारली. (माझ्या सदऱ्याला मिशी लागली, पण तो सदरा आधीच कामातून गेला होता.) मी पहिला पेला आबांना दिला.

"वाईच गोड लागतंय वो," आबा म्हणाले.

"शुद्ध पाणी गोडच असतं!"

हे वाक्य मी कुठून काढलं, देव जाणे. चिपाडांत उरलेला उसाचा रस पाण्यात उतरत होता, हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. पण शाळेतल्या पोराला सायन्समधल्या जावयाचा मान नव्हता!

शुक्रवारी दिवसभर गाळून मी एक रांजण भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि फर्मान काढलं, "हे पाणी पाहुण्यांसाठी. रविवारपर्यंत कुणी उघडायचं नाही. आणि त्या दिवशी लांबून पाणी आणायचीही गरज नाही."

शनिवारी सासूबाई म्हणाल्या, "रांजनाला मुंग्या लागल्यात हो."

"मुंग्यांना स्वच्छता आवडते."

दुपारी अनशी म्हणाली, "आवो, रांजनातनं बुडबुड आवाज येतुया."

"प्राणवायू," मी सांगितलं.

फडकं बांधलेलं, वर रखरखीत चैत्र, आणि आत दोन दिवस उसाचं गोड पाणी. पुढे काय झालं असेल, हे ज्याला कळलं नाही तो जगात एकच माणूस होता.

रविवारी बारा वाजता पाहुणे आले. गणपतराव आणि त्यांचा मुलगा महादेव. गणपतराव भाजीमळ्याचे मालक, गळ्यात तुळशीची माळ, आवाज खणखणीत. त्यांना दारूचा इतका तिटकारा की लग्नात वाजंत्री जरा झुलताना दिसला तर ते पंगतीतून उठत, असं ऐकलं होतं. आबा तोंडाला उपरणं गुंडाळून बसले होते. विचारलं तर दाढ दुखते म्हणून सांगायचं, असं ठरलं होतं.

चंद्रा खाली मान घालून आली आणि तिने पाण्याचा तांब्या गणपतरावांपुढे ठेवला. ते पाणी माझं! मी खांबाला टेकून कौतुकाने बघत होतो.

गणपतरावांनी तांब्या तोंडाजवळ नेला. थांबले. तांब्या जरा लांब धरला. पुन्हा जवळ आणला. मग मुलाकडे दिला.

"म्हाद्या, वास घे."

महादेवाने वास घेतला. "आन्ना, ह्ये तर..."

"गप." गणपतराव आबांकडे वळले. "आबासायेब, ह्ये काय हाय?"

"पानी!" उपरण्याच्या आतून आबा म्हणाले.

"तुमी रोज घेता?"

आबांना वाटलं, पाहुणे पाण्याची तारीफ करताहेत. "परवा घेतलं की! वाईच गोड लागतंय, पर लई झ्याक! आमचं जावई सोता गाळत्यात!"

"घरीच?"

"हितंच, परसात! तीन माठ लावल्यात. चिपाडापासनं काढत्यात!"

गणपतराव जागचे उठले. आता मी मध्ये पडणं भाग होतं. सत्य काय ते शांतपणे समजावून सांगितलं की शहाणा माणूस ऐकतो, असं मला त्या वयात वाटत असे.

"बसा, बसा! तुमचा गैरसमज झालाय," मी म्हणालो. "हे निव्वळ पाणीच आहे. फक्त त्यात उसाची साखर उतरली, ती उन्हाने आंबली, आणि आंबलेल्या साखरेची आपोआप..." इथे माझ्या लक्षात आलं की पुढचा शब्द कोणता आहे. पण वाक्य घरंगळत निघालं होतं. "...दारू होते."

"म्हंजी ही दारूच हाय!"

"शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर, होय."

आबा ताडकन उभे राहिले, आणि त्या गडबडीत त्यांचं उपरणं सुटलं.

गणपतरावांनी ती मिशी पाहिली. मग त्यांची नजर गोठ्याकडे गेली. तिथे बैल उभा होता, ओठ रंगवून. मग गुलाबी अंगण. मग गुलाबी धोतरं. त्यांना काय वाटलं असेल ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण ते एवढंच म्हणाले, "म्हाद्या, गाडी जोड."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आबांची मान खाली गेली. मी जन्मात कधी इतका लहान झालो नव्हतो. ती मुलगी तीन दिवस डोक्यावर घागरी वाहत होती, चौथ्या दिवशी नटून बसली होती, आणि तिची तिसरी जागा मी दोन डबड्या शब्दांनी घालवली होती. तिच्याकडे बघायची माझी छाती होईना.

तेवढ्यात आवाज आला, "मामा, जरा थांबा."

चंद्रा! मान वर करून उभी. बघायला आलेल्यांपुढे मुलीने असं बोलायचं नसतं. पण ती आत गेली आणि बुडाला भोक पाडलेलं एक छोटं गाडगं, एक भांडं आणि दुसरा तांब्या घेऊन आली.

"ह्ये पानी प्या. ह्ये दाजींनी न्हाय केलं."

गणपतरावांनी आधी वास घेतला. मग एक घोट. मग सगळा तांब्या.

"ह्ये कुठलं?"

"ह्याच आडाचं." तिने सगळ्यांसमोर आडाचं जांभळं पाणी गाडग्यात ओतलं. गाडग्याच्या बुडातून खालच्या भांड्यात काचेसारखं पाणी पडायला लागलं. "दाजींचं बोलनं बरुबर हुतं. कोळसा रंग खातो. पर दाजींनी टरफलं उघड्यावर जाळली, समदी राख झाली. एक घमेलं पालथं पडलं हुतं, त्याच्या खालची तेवढी काळी ऱ्हायली. ती पान्यात पडली तर भवतीचं पानी निवळलं, ह्ये मी बघितलं. मग मी टरफलं मडक्यात कोंबली, मडक्याचं तोंड मातीनं लिंपलं आन् चुलीत ठिवलं. कोळसा कुटला, चार पान्यांनी धुतला, वर-खाली वाळू घातली. बास."

"मग ह्येच पानी का न्हाय दिलं आदुगर?"

चंद्रा घुटमळली. "दाजी जावई हायती. त्यांचं पानी सारून माझं कसं म्होरं करू?"

गणपतरावांनी चंद्राकडे पाहिलं, मग गाडग्याकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. आणि एकदम त्यांना हसू फुटलं. ते हसता हसता खाली बसले. आबाही हसायला लागले, आणि ती मिशी हलायला लागल्यावर तर कुणालाच आवरेना.

महादेव तेवढा हसत नव्हता. त्याने तांब्या पुढे केला. "आजून वाईच मिळंल का?"

त्या दिवशी तो पाच तांबे पाणी प्याला. एवढी तहान माणसाला लागत नाही.

लग्न ठरलं. पुढचे दोन दिवस मी आड उपसला, एकट्याने, पोहऱ्या-पोहऱ्याने. उपसलेलं पाणी वांग्यांच्या वाफ्यात जाणार म्हणून चंद्राने चारीत कोळशाचा बांध घातला, आणि वांगी वाचली. माझ्या तळहातांचं तसं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी झऱ्यांनी आड भरला तो नितळ. आबांची मिशी मुळापासून हळूहळू पांढरी होत गेली, पण लग्नात अक्षता पडल्या तेव्हाही टोकं गुलाबीच होती. लोकांना वाटलं, हौस!

पुण्याला परतल्यावर मला राहवलं नाही. मी सरांना सांगितलं की, शेंगांच्या टरफलांचा कोळसा रंगाचं पाणी साफ करतो, असं 'आमच्याकडे' आढळून आलं आहे. सर खुर्चीतून उठलेच. मडकं किती वेळ चुलीत होतं? पूड किती बारीक? कितीदा धुतली? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. तेव्हा मी चंद्राला पत्र टाकलं.

आठ दिवसांत उत्तर आलं. चौथीपर्यंत शिकलेली पोर, पण कृती अशी मुद्देसूद लिहिली होती की वाचताना मडकं डोळ्यांपुढे यावं. खाली सगळ्यांचे नमस्कार होते, आणि त्याच्याही खाली एक ओळ. ती ओळ वाचून मी पत्र सरांपुढे धरलं ते त्या ओळीवर अंगठा दाबून.

सरांनी कृती दोनदा वाचली, मान डोलावली आणि म्हणाले, "अंगठा काढा."

मी काढला. सरांनी मोठ्याने वाचलं, "'वरील सर्व कामे कोणाकडूनही करून घ्यावीत, फक्त दाजींनी हात लावू नये.'"

पुढे सरांनी तो प्रयोग अनेकदा केला. टरफलं बदलली, मडकं बदललं, वेळ बदलली. मूळ कृतीतली एकच सूचना त्यांनी शेवटपर्यंत तंतोतंत पाळली.